माती लोटण्याआधी
मित्रांनो, मी एक जुना दाबपंप आहे. पाण्याची टाकी, लांब दांडा आणि काचेआड एक काटा, एवढंच माझं शरीर. राजकोटच्या कारखान्यात माझा जन्म झाला. रस्त्याखाली नवे पाइप टाकले की चर बुजवण्याआधी मला जोडायचं, दांडा मारून पाइपात पाणी दाबायचं आणि काट्याकडे बघत बसायचं. काटा हलला नाही तर सांधे पक्के. पडला तर कुठेतरी गळतंय. इतकं सोपं काम! पण बसायला वेळ कोणाला आहे?

माझे मालक जामनगरचे कंत्राटदार धनसुखभाई. माणूस भला, पण घायकुता. एका वस्तीत त्यांनी मला टेम्पोतून उतरवलंच नाही. माती लोटली, डांबर ओतलं. थोड्याच दिवसांत पाणी डांबर फोडून वर आलं. नळ बंद असताना शेजारच्या गटाराचं पाणी त्याच फटीतून आत शिरलं आणि मुलं आजारी पडली. रस्ता पुन्हा खणावा लागला. मी टेम्पोत पडून चरफडत होतो.

पुढचं काम मोचीशेरी नावाच्या गल्लीत निघालं. नवरात्र तोंडावर आलं होतं. शेरीतल्या म्हाताऱ्या मुक्ताबा कमरेवर हात ठेवून चराशी उभ्या राहिल्या.

"धनसुख, उद्या गरबा आहे. पोरी काय खड्ड्यात नाचतील?"

"बा, संध्याकाळपर्यंत सपाट करून देतो. लोटा रे माती!"

तेवढ्यात धनसुखभाईंचा धाकटा भाऊ परसोत्तम चरात उतरला आणि पाइपावर बसला.

"मोटाभाई, आधी माझ्यावर लोटा."

"ऊठ! लोक बघतायत."

"बघू देत. मागच्या वस्तीतून आपण तोंड लपवून निघालो, तेही लोकांनी बघितलंय."

धनसुखभाई लोकांकडे पाठ करून उभे राहिले. मग खेकसले, "जोड तुझं ते डबडं!"

डबडं! बरं. परसोत्तमने दांडा मारला. काटा चढला आणि हळूहळू घसरला.

"तुझा पंपच बिघडलाय," धनसुखभाई म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. परसोत्तमने एकेका सांध्यावरून हात फिरवला. एक ओला लागला. आतली रबरी कडी वाळूमुळे मुडपली होती. ती बघून धनसुखभाई चरात उतरले. मग त्यांनी स्वतः एकेक सांधा उघडून धुतला, नवी कडी बसवली. या वेळी काटा जागचा हलला नाही. पण तोवर दुसरा दिवस मावळला होता आणि गरबा शेजारच्या शेरीत गेला होता.

नळ सुरू झाला तेव्हा मुक्ताबांनी ओंजळभर पाणी पिऊन बघितलं. "गोड आहे. पण पहिल्या रात्रीचा गरबा बुडवलास तो बुडवलासच!"

पुढे धनसुखभाईंना शाल मिळाली, आणखी तीन शेऱ्यांचं काम मिळालं. मला मिळाली गोदामातली सिमेंटच्या गोण्यांखालची जागा.

मित्रांनो, मला शाल नको. माझ्या दांड्याला ग्रीस लावा आणि काच पुसा. काचेवर धूळ बसली की पडलेला काटा दिसत नाही, आणि धनसुखभाई लगेच ओरडतात, "बघ, पक्कं आहे! लोटा माती!"