चहाच्या बंबावर राजधानीचा हुकूम

मी एक जुना बंब आहे. आंघोळीचा नव्हे, मित्रांनो, चहाचा. पोट स्टीलचं, तोटी पितळी, आणि झाकण दुसऱ्याच कुठल्या तरी पातेल्याचं. न्यूझीलंडमधल्या वायरोआ गावच्या सरकारी कचेरीत मी राहतो.

मला विकत घेतलं वनखात्यानं. पण त्याच इमारतीतली रस्तेखात्याची आणि मच्छीखात्याची माणसंही आपापले मग घेऊन माझ्यापुढे उभी राहत. पाणी कोणत्या खात्याचं, हे कुणी विचारलं नाही. स्वागतकक्षातल्या हुहाना आंटी व्हिनेगर घालून माझ्या तळाचे क्षार काढत. "हा माझ्या नवऱ्यासारखाच कुरकुरतो," त्या म्हणत, "पण हा निदान काम करतो."

मग राजधानी वेलिंग्टनहून हुकूम आला. सगळ्या खात्यांच्या सामायिक गोष्टी आता एका प्रमुखाच्या हाताखाली: इमारती, गाड्या, खुर्च्या आणि चहाचं पाणीसुद्धा. प्रमुखपदी फिलिपा ड्रमंड बसल्या. हेतू चांगला होता. एकाच खुर्चीला तीन खाती तीन भाव मोजत होती, ते थांबलं. मात्र चहासाठी भिंतीत गरम पाण्याचा नळ आला. दूरच्या कुठल्याशा कचेरीत कुणाचं तरी बोट भाजलं, म्हणून देशभरच्या नळांचं पाणी कोमट करण्यात आलं.

"टी-बॅग त्यात पोहून येते," रस्तेखात्याचा गॅविन म्हणाला, "पण रंग काही सोडत नाही."

माझ्यावर 'मोडीत' अशी लाल चिठ्ठी लागली आणि मी झाडूंच्या खोलीत गेलो. एके दिवशी भंगाराचा ट्रक दारात आला. जुनं सामान खरोखर जातंय का, हे पाहायला फिलिपाबाई स्वतः आल्या होत्या. मी घाबरलो.

पण पाहुणी आली की इथल्या मूळ माओरी लोकांच्या रीतीनं स्वागत व्हायलाच हवं. भाषणं झाली, गाणं झालं, नाकाला नाक लागलं. गॅविननं नळाच्या पाण्याचा चहा आणला. हुहाना आंटींनी मगाला हात लावला आणि तो बाजूला ठेवला.

"मला चालेल," फिलिपाबाई म्हणाल्या. "थेट बैठक सुरू करू."

"तुला चालेल गं, पोरी," आंटी म्हणाल्या, "पूर्वजांना नाही चालणार. गरम चहा आणि खाणं पोटात गेल्याशिवाय तुझं सोवळं सुटत नाही. तोवर तू पाहुणी. आणि पाहुणीला आम्ही कामाला लावत नाही."

"मग नळाचं पाणी जरा जास्त तापवा!"

"ते तुझ्याच कचेरीतून ठरतं ना?"

बाईंनी आपल्याच कचेरीला फोन लावला. पलीकडचा कारकून नवा होता. त्यानं आवाज ओळखला नाही. "त्याला प्रमुखांची परवानगी लागते," तो अदबीनं म्हणाला, "आणि प्रमुख सध्या वायरोआला गेल्यात."

फिलिपाबाईंनी फोन ठेवला. खोलीत कुणी हसलं नाही. गॅविन फक्त खिडकीकडे वळला.

"आत एक बंब आहे," तो तिकडे पाहतच म्हणाला. "पण बेकायदा. तुम्ही त्यालाच न्यायला आलात."

"आणा," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, मी त्या दिवशी जसा उकळलो तसा कधीच उकळलो नव्हतो! झाकण नाचलं. बाईंनी लोणी लावलेला स्कोन नावाचा गोडसर पाव खाल्ला, दोन मग चहा संपवला आणि माझ्यावरची चिठ्ठी नखानं खरवडून काढली. भंगाराचा ट्रक रिकामाच परतला.

"खरेदी वेलिंग्टनमधून होईल," त्या म्हणाल्या, "पण पाणी किती तापवायचं ते ज्या त्या कचेरीनं ठरवायचं. इथल्या गरम पाण्याच्या प्रमुख तुम्ही, हुहाना."

हुहाना आंटींनी लगेच पहिला हुकूम काढला: चहा झाला की प्रत्येकानं आपला मग धुवायचा, आणि बंब घासायची पाळी लावायची. पहिली पाळी गॅविनची.

"आंटी, हे तर वेलिंग्टनपेक्षा वाईट!"

"असेल. पण तक्रार करायला तुला लांब जावं लागणार नाही. बोल, मी इथेच उभी आहे."

गॅविननं व्हिनेगर घेतलं.

मित्रांनो, तुमच्याही शाळेत सगळ्यांचं म्हणून एखादं भांडं असेल. सगळे त्यातून पितात आणि घासताना सगळ्यांना दुसरं काम आठवतं. तेवढं एकदा तुम्ही घासा. आणि बंब असेल तर बटण दाबण्याआधी पाणी भरा. रिकामा तापलो की मी फार वाईट ओरडतो.