सॅलमँडरची भुकटी

चामोवोच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांच्या कट्ट्यांवरसुद्धा माणसं चढून बसली होती. मंचावर, दिव्याच्या झोतात, शाळेच्या खानावळीतली दिम्का आपलं बोट उंच धरून उभी होती. उन्हाळ्यात कोबी चिरताना त्या बोटाचा शेंडा सुरीखाली गेला होता, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. आता तिथे गुलाबी, नवाकोरा शेंडा होता. वर नखही होतं!

"आलं की नाही?" प्रोफेसर लुचेझार गरजला.

"आलं!" सभागृह गरजलं.

रोडोपीच्या डोंगरातलं चामोवो म्हणजे लाकूड कापायच्या गिरण्यांचं गाव. करवतीने इथल्या बहुतेक घरांतून काही ना काही नेलं होतं; कुणाचा अंगठा, कुणाची दोन बोटं. अशा गावात गेलेलं बोट परत आणून दाखवणाऱ्या माणसाला काय कमी पडणार?

"ओढ्याकाठचा सॅलमँडर बघा!" लुचेझारची गाडी सुटली. "पालीएवढा जीव! त्याची तंगडी तोडा, तो रडत नाही, सरकारकडे अर्ज करत नाही. नवी उगवते! मग माणसाने काय पाप केलंय? मूळ पेशी, बंधूंनो, मूळ पेशी! तुमच्या प्रत्येक थोटकात बीज झोपलंय. सॅलमँडरची ही भुकटी त्याला हाक मारते. ऊठ बाळा, ऊठ!"

हा कुठल्या विद्यापीठाचा प्रोफेसर, हे कुणीच विचारलं नाही. पांढऱ्या कोटाला प्रश्न कोण विचारतो?

पहिल्या रांगेत झाप्रियान बसला होता. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं तरुणपणीच गिरणीत मुळापासून गेली होती. त्याबद्दल तो कधी कुरकुरला नव्हता. उरलेल्या दोन बोटांनी त्याने संसार केला, मुलगी वाढवली. पण वासिल्का, त्याची बायको, गेली आणि मुलगी स्पेनला दुसऱ्यांचे म्हातारे सांभाळायला गेली. तेव्हापासून तो घेवड्याचं एकच मोठं भांडं शिजवायचा आणि संपेपर्यंत तेच खायचा. टीव्हीवरच्या बातमीदाराला कधी कधी उत्तरं द्यायचा. घरात दुसरं बोलणार कोण?

लुचेझार रोज दुपारी सभागृहामागच्या खोलीत त्याचा हात कोमट पाण्यात धुवायचा, हळूच पुसायचा, थोटकांवर भुकटी चोळायचा आणि पट्टी बांधायचा. बांधता बांधता विचारायचा, "काका, झोप लागली ना? जेवलात का?" मग थोटकं चुरचुरायला लागायची, सुजायची, लाल व्हायची.

"जागं होतंय बीज!" लुचेझार म्हणायचा, आणि झाप्रियानच्या डोळ्यांत पाणी यायचं.

एके दुपारी लुचेझारने हात बराच वेळ धरून ठेवला. "काका, बीज जागं झालंय, पण वर जुन्या कातडीचं झाकण आहे. कोंब फुटणार कुठून? उद्या सगळ्यांसमोर झाकण काढू. बारीकशी चीर. दवाखान्यातून दुखण्यावरच्या गोळ्या तेवढ्या घेऊन या."

म्हणून झाप्रियान डॉक्टर रुमेनाकडे गेला. दवाखान्यात तो एकटाच होता. अख्खं गाव भुकटीच्या रांगेत असताना इथे कोण येणार?

"गोळ्या कशासाठी हव्यात, काका?"

त्याने सांगितलं. रुमेनाने पट्टी सोडली. थोटकांवर फोड आले होते. पट्टीतली भुकटी तिने नाकाजवळ नेली आणि तिला धडाधड शिंका आल्या.

"तुम्ही यावर सुरी चालवू देणार? जंतू शिरले तर उरलेली दोन बोटंही जातील. कदाचित तळहातसुद्धा."

"तुमच्याकडे आता कुणी येत नाही, म्हणून पोटात दुखतंय तुमच्या," झाप्रियान रागाने म्हणाला. बोलून झाल्यावर त्यालाच ते लागलं. पण तो गोळ्या न घेताच निघाला.

दुसऱ्या दिवशी सभागृह पुन्हा तुडुंब भरलं. टेबलावर पांढरं कापड, त्यावर सुरी. झाप्रियानने हात पुढे ठेवला. तेवढ्यात रुमेना मंचावर चढली.

"प्रोफेसरसाहेब, चिमूटभर भुकटी मलाही द्या."

"या, या! शेवटी विज्ञानही दारात आलं!" लुचेझारने ऐटीत डबी पुढे केली.

रुमेनाने बाही वर केली, आपल्या धडधाकट दंडावर भुकटी खसाखसा चोळली आणि दिम्काकडे वळली. "दिम्का, शेंडा गेला तेव्हा नख मुळापासून गेलं होतं का गं?"

"छे! खालचं अर्धं नख शाबूत होतं."

"आनेस्ती, जरा वर ये."

आनेस्ती गावातला ट्रॅक्टर दुरुस्त करणारा. संकोचत त्याने बोट दाखवलं. त्याच्याही बोटाचा शेंडा यंत्राच्या पट्ट्यात सापडून गेला होता, आणि तोही परत आला होता.

"याला कुठली भुकटी लावली होती?"

"भुकटी कसली? तुम्हीच तर व्हॅसलीनची पट्टी बांधली होती."

सभागृहात चुळबुळ झाली. रुमेना म्हणाली, "नखाचं मूळ शाबूत असेल, तर गेलेला शेंडा बरेचदा आपोआप भरून येतो. जखम स्वच्छ आणि ओलसर झाकून ठेवायची, बास. हे शरीराचं काम आहे. प्रोफेसरसाहेब अशीच बोटं मंचावर आणतात. आता मुळापासून गेलेलं आणि परत आलेलं एक, फक्त एक बोट दाखवा."

"ज्यांची आली नाहीत, त्यांचं बीज अजून झोपेत आहे!" लुचेझार ओरडला. "त्यांचा विश्वास कमी पडला!"

"असं? मग सॅलमँडर कुठल्या चर्चमध्ये जातो?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. रुमेनाने दंड उजेडात धरला. तो लालभडक झाला होता, सुजला होता. "माझंही बीज जागं झालेलं दिसतंय. आता इथून काय फुटणार? तिसरा हात?"

दिम्काने डबीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. आयुष्य स्वयंपाकात गेलेली बाई ती. तिचं तोंड एकदम वाकडं झालं. "अहो, ही तर तिखट मिरची! टाल्कम पावडरीत कालवलेली!"

गोंधळात लुचेझार मागच्या दाराने कधी सटकला, कळलंच नाही. गावाने डॉक्टरला खांद्यावर घेतलं असेल म्हणता? छे. लोक मान खाली घालून बाहेर पडले. एक जण तर तिच्यासमोर थांबून म्हणाला, "बाई, खोटी का असेना, आशा होती. ती कशाला काढून घेतलीत?"

झाप्रियान तसाच बसून राहिला. रुमेनाने पाणी आणलं आणि त्याचा हात धुवायला घेतला.

"भुकटी खोटी आहे, हे मला बहुतेक कळलं होतं," तो हळूच म्हणाला. "बोटांवाचून माझं काही अडत नाही हो. पण रोज दुपारी कुणीतरी विचारायचं, जेवलात का."

रुमेनाने पट्टी बांधली आणि गाठ मारल्यावरही हात लगेच सोडला नाही.

पुढच्या आठवड्यात खबर आली, लुचेझारने खालच्या दरीतल्या गावात तंबू ठोकलाय. झाप्रियानने इस्त्रीचा शर्ट घातला आणि बस पकडली. तिथे त्याला ओळखणारं कुणी नव्हतं. प्रोफेसरचं भाषण सॅलमँडरपर्यंत पोचलं, तसा तो गर्दीत उभा राहिला आणि फोडांच्या डागांचा हात वर केला.

"यानेच चोळली होती मला ही भुकटी. मिरची आहे ती. बघा, बोटं आली का?"

"खाली बस रे म्हाताऱ्या!" लोक ओरडले. कुणीतरी त्याला ढकललंही. पण झाप्रियान बसला नाही.

"शास्त्रज्ञ खटपट करतायत. उद्या खरंच बोटं उगवतीलही. पण खरं औषध देणारा माणूस तुम्हाला विचारू देईल: कुणाला गुण आला, कुणाला आला नाही, डबीत काय आहे? प्रश्न विचारला की जो चिडतो, त्याच्या हाती आपला हात देऊ नका. एकटं वाटतं म्हणून तर मुळीच देऊ नका. मी दिला होता."

दोन माणसांनी धरून त्याला तंबूबाहेर काढलं. तो बसथांब्यावर जाऊन बसला. आतून टाळ्या ऐकू येत होत्या. परतीच्या बसला बराच अवकाश होता.

थोड्या वेळाने एक बाई तंबूतून बाहेर आली. तिच्यासोबत तिचा नवरा होता, हाताला ताजी पट्टी बांधलेला. दोघं त्याच्या शेजारी टेकली.

"काका," बाईने आवाज खाली आणून विचारलं, "डबीत मिरचीच आहे, हे कसं ओळखायचं?"

झाप्रियान बाकावर सरकला, त्यांना नीट जागा करून दिली, आणि पहिल्यापासून सांगायला लागला.