चढता आकडा

नेवाडातल्या एल्को गावी समुद्रापलीकडून येऊन वसलेल्या बास्क लोकांत सेव्हेरियानो लार्राल्देएवढा हट्टी म्हातारा दुसरा नव्हता, आणि गावानं म्हणायच्या आधी हे त्याची लेक बेनिताच म्हणायची. ती त्याला आपल्या रीतीनं 'आइता' म्हणे, म्हणजे बाबा, आणि तिचं ऐकून खेळाच्या मैदानावरचे सगळेही त्याला आइताच म्हणू लागले होते.

आयुष्यात त्यानं मन लावून दोनच कामं केली. नेवाडाच्या डोंगरांत मेंढ्या राखल्या, आणि बास्क क्लबाच्या भिंतीवर पेलोटाचा खेळ रंगला की गुण मोजले. उघड्या तळहातानं चेंडू भिंतीवर हाणायचा, लाल जोडी विरुद्ध निळी जोडी, बावीस गुण ज्यांचे आधी ते जिंकले. म्हातारा भिंतीच्या कडेला स्टुलावर बसे, गुण झाला की बास्कमध्ये खणखणीत आकडा पुकारी आणि मग शिडी चढून फळ्यावर खडूनं लिही. गेल्या वर्षी तो त्या शिडीवरून पडला. कंबर सांधली गेली, पण हाताला कंप सुटला तो सुटलाच. आता त्याचा तीन आठसारखा दिसायचा आणि आठ कशासारखाच दिसायचा नाही.

क्लबाचा अध्यक्ष फेर्मिन उगाल्दे सॉसेजचा धंदा करायचा आणि माणसांनाही सॉसेजसारखं एका मापात बसवायला बघायचा. त्यानं जाहीर केलं की जुलैच्या उत्सवाला तयार विजेचा बोर्ड मागवू, तो आपला भाचा फोनवरून चालवील, आणि आइतांनी आता सावलीत निवांत बसावं. बोलला तो मायेनंच. पण मायेनं उठवलं तरी स्टुलावरून उठवलंच की. म्हातारा घरी येऊन नुसता खिडकीबाहेर बघत बसायला लागला. हा माणूस सावलीत बसवला तर फार दिवस बसणार नाही, हे बेनिताला पक्कं ठाऊक होतं.

तिनं फेर्मिनला गाठून सांगितलं की बोर्ड ती बनवील, पण चालवतील आइताच. फेर्मिननं डोकं खाजवलं. उत्सवाच्या सकाळी चालला तर चालला, म्हणाला, नाहीतर भाचा आहेच.

बेनितानं अर्धी हयात कॅसिनोत स्लॉट मशीन दुरुस्त करण्यात घालवली होती. हमरस्त्यावरचा एक कॅसिनो नुकताच बंद पडला होता, आणि मशीनांच्या डोक्यावर जॅकपॉटचा आकडा दाखवणाऱ्या पाट्या भंगारवाल्याकडे येऊन पडल्या होत्या. तिनं त्या वजनावर घेतल्या आणि गॅरेजमध्ये मांडून बसली. एक लाल आकड्यांची, एक निळ्या, आणि एक पातळ काचेची नारिंगी. नारिंगी तिनं लगेच बाजूला सारली. तिला पेटायला दोनशेच्या आसपास व्होल्ट लागतात, आणि ती हात लावणाऱ्यालाही चाखून बघते.

उरलेल्या दोन्हींची नावं-निशाणं कुणीतरी खरवडून टाकली होती. वायरींच्या रंगावर तर भरवसा ठेवण्यात अर्थच नव्हता, एका कारखान्याची काळी ती दुसऱ्याची लाल. म्हणून आधी तिनं पाटीच्या लोखंडी स्क्रूपाशी जाऊन मिळणारी वायर मीटरनं शोधली. ती जमिनीची, म्हणजे ग्राउंडची. मग आत घुसणाऱ्या विजेच्या वाटेवरचा कपॅसिटर पुसून वाचला. लालवर सोळा व्होल्टची कमाल मर्यादा छापली होती, म्हणजे पाटी बाराची. निळीवर पस्तीस, म्हणजे बहुधा चोवीसची. अशीच एक पाटी तिनं तरुणपणी घाईनं जाळली होती, आणि दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तिनं वीज आणि पाटी यांच्या मध्ये गाडीचा एक दिवा जोडला. आत कुठे घोटाळा असेल तर दिवा भसकन पेटणार आणि पाटी वाचणार. दिवा जरासा लुकलुकला आणि मंदावला. निळ्या पाटीवर आठांची रांग उभी राहिली, सोबत एक डॉलरची खूण. बेनिता एकटीच हसली आणि खुणेवर काळी पट्टी चिकटवून टाकली.

आकडा चढवायला तिच्याकडे कॅसिनोचीच दोन यंत्रं होती. मशीनमध्ये नाणं पडलं की जॅकपॉट वाढवणारी. नाण्याच्या जागी तिनं मुठीएवढी बटणं जोडली, एक लाल, एक निळं. दाबलं की एक वाढणार. कमी मात्र होणार नाही, किल्लीनं थेट शून्यच. कॅसिनोत तर हाच धर्म असतो, गिऱ्हाइकाला दिसलेला आकडा खाली येता कामा नये. पेलोटातही आकडा चढतोच, उतरतो कधी, असं तिनं फेर्मिनला मोठ्या तोऱ्यात ऐकवलं.

म्हाताऱ्यानं बटणांकडे बघून नाक मुरडलं.

"मी काय जुगाराचं मशीन आहे?"

"नाही. मशीनला निदान कधीतरी दया येते," बेनिता म्हणाली. "दाबून तर बघा."

त्यानं दाबलं. लाल एक उजळला. मग निळा. मग जेवण गार होईपर्यंत तो दाबतच बसला.

उत्सवाच्या दिवशी भर उन्हातही आकडे लांबून दिसत होते. म्हातारा गुण पुकारत होता, मूठ आपटत होता, आणि फेर्मिनचा भाचा निमूटपणे सॉसेज भाजत होता. बेनिताला वाटलं, घोडं गंगेत न्हालं.

अंतिम सामना गावच्या लाल जोडीचा आणि बॉइसी शहराहून आलेल्या निळ्यांचा. एकोणीस-एकोणीस झाले. मग लालनं गुण घेतला, आणि म्हाताऱ्याची थरथरती मूठ बटणावर दोनदा पडली. पाटीवर एकवीस.

गावचे लोक नाचायला लागले. यातले निम्मे कॅसिनोत राबलेले, त्यामुळे कुणीतरी ओरडलंच की पाटीवर दिसलं म्हणजे मिळालं. निळ्यांचा खेळाडू फेर्मिनकडे धावला, फेर्मिननं बेनिताकडे बघितलं, आणि बेनितानं किल्लीला हात घातला. किल्लीनं शून्य करता आलं असतं. पण मग वीसवर न्यायचं की एकवीसवर, हे कोण ठरवणार? भाचा भट्टी सोडून पुढे येऊ लागला होता. आइतांचं स्टूल आता आपल्याच हातानं आपण घालवलं, असं तिच्या मनात आलं.

तेवढ्यात म्हातारा उठून उभा राहिला. त्यानं पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. भिंतीकडे तोंड करून त्यानं पुकारलं, "लाल वीस! निळे एकोणीस!"

नाचणारे थांबले. निळा खेळाडू मान हलवून आपल्या जागी गेला, लालवालेही गेले, आणि चेंडू पुन्हा भिंतीवर बसला. निळ्यांचे वीस झाले. मग लालनं गुण घेतला आणि पाटीवर बावीस लागले, म्हणजे पाटीच्या हिशेबानं गाव जिंकलं. म्हाताऱ्यानं "एकवीस" पुकारलं आणि एकानंही हूं की चूं केलं नाही. पुढचे दोन्ही गुण निळ्यांनी घेतले. गाव हरलं, आणि हरल्यावर सगळ्यांनी मिळून टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी लांब टेबलावर मेंढीच्या रश्श्याची पातेली आली. फेर्मिन ग्लास घेऊन बेनिताशेजारी टेकला. बोर्ड झकास आहे, म्हणाला, फक्त पुढच्या वर्षी एक उणेचं बटण बसव, चूक दुरुस्त करता येईल. बेनितालाही ते पटलं होतं, कुठली वायर कुठे तोडायची हेही तिच्या डोक्यात येऊन गेलं होतं.

"नको," म्हातारा पलीकडून म्हणाला.

"अहो, पण का आइता?" फेर्मिननं विचारलं.

"चूक दुरुस्त व्हायला लागली की लोक पाटीला मानतील." त्यानं पाव रश्श्यात बुडवला. "चुकते आहे तोवर मला विचारतील."

फेर्मिननं म्हाताऱ्याचा ग्लास भरला. मग, पुढच्या वर्षी त्या स्टुलावर एक गादी टाकून ठेवतो, म्हणाला.

"गादी नको," म्हातारा म्हणाला. "झोप लागते."