उन्हाची डबी

“आधी ते डोळ्याभवतीचं काळं पुसून काढ बाई,” सत्यशीलाआत्या म्हणाल्या, “मग बाकीचं काय करायचं ते कर.”

आत्यांची भाची संघप्रिया पार्लरच्या खुर्चीत मान मागे टाकून बसली होती. दुपारी तिचं लग्न होतं. गंगाखेड तालुक्यात ती कृषी सहायक, पाच वर्षं स्कूटीवर. उन्हाचा बंदोबस्त म्हणून तोंडाला स्कार्फ गुंडाळायची आणि डोळ्यांपुरती फट ठेवायची. उन्हाला तेवढी फट पुरली. गाल, हनुवटी, गळा गव्हाळ राहिले आणि डोळ्यांवरून चार बोटं रुंद तपकिरी पट्टा बसला. परभणी जिल्ह्यातल्या नोकरीवाल्या निम्म्या मुलींच्या तोंडावर हा पट्टा असतो. सेवापुस्तकात तेवढी त्याची नोंद होत नाही.

“पुसून जात न्हाई ते आत्याबाई. ऊन हाय,” पार्लरवाली सुकेशनी म्हणाली.

“मंग वरून पांढरं थाप. तिकडच्यांनी फोनातला फोटू बघितलाय, चांगला उजळ. आज दुसरीच पोरगी उभी केली म्हणतील.”

“फोनातली पोरगी कोण हाय ते मलाच ठाऊक न्हाई, आत्या,” संघप्रिया डोळे मिटूनच म्हणाली. “ताई, फोटूत मी मला वळखू आली पाहिजे. तेवढंच करा. हा फोटू जन्मभर भिंतीवर राहायचाय.”

सुकेशनीनं एकदा भिंतीकडं पाहिलं.

आत्यांनी मग दुसरी खोट शोधली. भिंतीवर पांढऱ्या साडीतल्या एका नवरीचा फोटो होता. “एवढं पार्लर टाकलंस अन् फोटूची काच पुसाया जमत न्हाई व्हय? किती मळ बसलाय.”

सुकेशनीनं ऐकलं न ऐकलंसं करून डब्या काढल्या.

फोटो तिच्या थोरल्या बहिणीचा, बबिताचा. चौदा वर्षांपूर्वी सुकेशनी परभणीहून तीन महिन्यांचा कोर्स करून आली होती, आणि कोर्समध्ये गोरं करणं एवढंच शिकवलं होतं. पहिली नवरी घरचीच मिळाली. तिनं ट्यूबलाइटखाली बसवून बबिताला असं गोरं केलं, की फोटोत साडी कुठं संपते आणि बाई कुठं सुरू होते ते कळत नव्हतं. बबिता त्या दिवशी लय खूश होती. दोन वर्षांनी ती तापात गेली. मोठा करण्याजोगा दुसरा फोटोच निघाला नाही. फ्रेम घरी आली तेव्हा आईनं ती हातात धरून बराच वेळ पाहिली आणि म्हणाली, “फोटू चांगला हाय. बबी कुठं हाय त्याच्यात?” फ्रेम मग पार्लरमध्ये आली.

त्यानंतर सुकेशनीनं पांढऱ्याचा नाद सोडला आणि ब्राँझरचा, उन्हानं रापल्यासारखा रंग देणाऱ्या भुकटीचा, धरला. ज्या गावात मे महिन्यात पाखरंसुद्धा सावली सोडत नाहीत, तिथं ही बाई डबीतलं ऊन विकत आणून बायकांच्या गालांना लावते, याची गावानं यथेच्छ थट्टा केली. थट्टा करणाऱ्यांच्या मुलीही पुढं तिच्याच खुर्चीत बसल्या.

“चल, बाहेर,” ती संघप्रियाला म्हणाली.

“बाहेर कशाला?” आत्या.

“ट्यूबलाइटीत रंग कळत न्हाई.”

नवरी ओट्यावर सकाळच्या उन्हात उभी राहिली. सुकेशनीनं चार डब्या उघडल्या आणि जबड्याच्या कडेला, जिथं तोंड आणि गळा भेटतात तिथं, एकेक बोट ओढलं. पहिला रंग नारिंगी निघाला, वीटभट्टीवरून आल्यासारखा. दुसऱ्यात चमकी होती; फोटोवाल्याचा हॅलोजन पडला की कपाळ पत्र्यासारखं चमकलं असतं. तिसरा राखेसारखा. चौथा लावला आणि शोधावा लागला. गालापेक्षा किंचित गडद, डोळ्यांवरच्या पट्ट्याला सख्खा.

“हा,” ती म्हणाली.

पट्टा तिनं झाकला नाही. पट्ट्याचा रंगच खाली आणला. ब्रश डबीला टेकवायचा, झटकायचा, मगच लावायचा. ऊन जिथं आधी पोचतं तिथंच: कपाळाची कड, गालाची हाडं, नाकावर नुसती झुळूक. मग जबड्याखाली आणि थेट गळ्यापर्यंत. दर दोन हातांनी ती मागे सरून बघायची आणि कड दिसली की कोरड्या ब्रशनं विरवायची. एवढ्या मन लावून काम करणारं माणूस तालुक्याच्या एखाद्या कचेरीत सापडलं असतं, तर लोक त्याला पाहायला गेले असते.

संघप्रिया वळली. तपकिरी, तुकतुकीत, एकसारखी.

आत्यांनी जवळ येऊन, लांब जाऊन बघितलं. “मंग लावलं कुठं?” त्या म्हणाल्या.

सुकेशनीला आजवर मिळालेली ही सगळ्यात मोठी शाबासकी, आणि ती तक्रार म्हणून आली होती.

नवरीची आई सुलाबाई सकाळपासून दाराशी स्टुलावर बसून होत्या. त्या उठल्या. बोट गालाजवळ नेलं, पण लावलं नाही. “डबा घेऊन कामाला निघती तवा अशीच दिसती ही,” एवढंच म्हणाल्या.

संघप्रियानं आत येऊन आरशात पाहिलं आणि ओळखीचं माणूस भेटावं तशी हसली. आत्यांनी पर्स उचलली. “चला. विहारात पाहुणे आले असतील,” त्या म्हणाल्या, आणि जाता जाता, कुणाचं लक्ष नाही असं पाहून, “माझ्याबी नाकावर जरा फिरव गं.”

सुकेशनीनं ब्रश फिरवला.

ऑटो गेला. ब्रशात थोडा रंग उरला होता. तिनं आधी पंखा बंद केला. वाऱ्यानं निम्मा उडून जातो. मग स्टूल भिंतीशी ओढून ती चढली आणि बबिताच्या फोटोच्या काचेवर ब्रश टेकवला. कपाळाची कड, गालाची हाडं, नाक, गळा. काच रंग नीट धरत नाही. पण मागच्या लगीनसराईतला थोडा होताच, त्यावर आजचा बसला. तिनं मान मागे घेऊन पाहिलं. जबड्याच्या कडेला एक हात आणखी फिरवला.

खाली उतरून तिनं फडकं घेतलं आणि आरसा पुसला.