आवाज बंद, कोट पिवळा

पाचच्या बातम्या लागल्या की आजोबा आधी टीव्हीचा आवाज पार घालवून टाकत. मग भिंगरी त्यांना खेटून बसे, आणि दोघं मिळून आईच्या कपड्यांवरून बातमी ओळखत.

भिंगरीची आई त्याच टीव्हीवर बातम्या वाचायची. दोन महिन्यांपूर्वी, आवाज चालू असताना, तिनं एका मालवाहू जहाजावर हल्ला झाल्याची बातमी वाचली. ते जहाज दुसरंच होतं. पण भिंगरीचा बाबाही लढाईच्या देशाकडं माल नेणाऱ्या जहाजावर असतो, तिथली वीज सांभाळतो, आणि लढाई संपली की घरी येणार होता. सात वर्षांची पोर, तिनं दोन दिवस धड काही खाल्लं नाही. आईच्या तोंडून ऐकलेलं खोटं कसं असेल?

आजोबांनी छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेलं. रडणारं मूल बघितलं की त्यांना खेळ सुचायचा. त्यांनी आवाज बंद केला आणि सांगितलं, "आता आपण हेर. आईचं जाकीट करडं असलं तर बँकेची बातमी. गडद निळं असलं तर लढाईची. रंगीबेरंगी असलं तर सिनेमा नाहीतर खेळ."

खेळ छान रंगला. फक्त एकदा भिंगरीनं विचारलं, "आणि लढाई संपली की आई काय घालेल?"

आजोबा चष्मा पुसत होते. "पिवळं," ते म्हणाले. "पिवळंधमक!" आणि विसरून गेले.

भिंगरी विसरली नव्हती.

त्या मंगळवारी पाच वाजले आणि पडद्यावर आई आली ती पिवळ्या कोटात. असा पिवळा, की खोलीतल्या पांढऱ्या भिंतीवरही त्याची झाक पडली. आजोबांना कौतुक वाटलं. "वा! आज आमच्या लेकीचा थाट बघा," म्हणत ते चहा ठेवायला आत गेले.

चहाला उकळी येते न येते तोच बाहेर धावपळ ऐकू आली. कपाटाचं दार वाजलं, खुर्ची सरकली. मग भिंगरीचा फोनवरचा चढलेला आवाज.

"आजी, लढाई संपली! हो, आईनंच सांगितलं! बाबा येतोय!"

आजोबांच्या हातातली गाळणी तशीच राहिली. बाहेर येऊन बघतात तर दाराशी बाबाच्या चपला मांडलेल्या, टोकं घराच्या आत वळवलेली, म्हणजे आलेल्या माणसाला पाय घालायला सोपं. टेबलावर त्याचा कान तुटलेला कप. आणि पोर स्वतःच्या अंगावर नवा फ्रॉक उलटा चढवून उभी.

"कुणी सांगितलं तुला संपली म्हणून?"

"तुम्हीच! पिवळंधमक!" तिनं पडद्याकडे बोट दाखवलं.

आजोबांनी फोन हातात घेतला. पलीकडे भिंगरीच्या बाबाची आई. तिचा श्वास ऐकू येत होता.

"अहो, चूक माझी आहे," आजोबा म्हणाले. "लढाई संपलेली नाही. मीच पोरीला काहीतरी भलतं शिकवून ठेवलं."



"मला ठाऊक आहे, मास्तर," ती म्हणाली. "मी आवाज लावून बघतेय ना बातम्या. समोर सून सांगत होती की लढाई चालू आहे. पण कानात नात ओरडत होती. क्षणभर मी टीव्हीलाच खोटं मानलं." मग तिनं नाक ओढलं आणि तिचा नेहमीचा सूर परत आला. "इतकी वर्षं लोकांच्या पोरांना शिकवलंत, आणि घरच्या पोरीला मुक्या बातम्या? आता सांगा तिला नीट. आणि फ्रॉक उलटा असेल, बघा. आनंदात ती नेहमी उलटाच घालते."

आजोबांनी फोन ठेवला. भिंगरीच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं, पण ती पाय घट्ट रोवून उभी होती. वर्गात चुकलेल्या उत्तराआधी मुलं अशीच उभी राहतात, हे त्यांनी हजारदा पाहिलं होतं. आजवर ते अशा मुलाला म्हणत, पुन्हा मांडून बघू. आज मांडणीच त्यांची चुकली होती.

ते तिच्यासमोर जमिनीवर बसले. गुडघे कुरकुरले. "भिंगरे, ऐक. रंगावरून बातमी कळत नाही. तू घाबरलीस म्हणून मी तो खेळ काढला. तू दोन घास खावेस म्हणून. पण खेळात मी खोटं शिकवलं."

"मग बाबा?"

"ते आपण ऐकूया. दोघं मिळून. चालेल?"

तिनं रिमोट उचलून छातीशी धरला. मग म्हणाली, "रिमोट माझ्या हातात."

"तुझ्याच हातात."

बातम्या पुन्हा पहिल्यापासून लावता येत होत्या. भिंगरीनं आवाज चारवर नेला. पडद्याच्या कोपऱ्यात चारचा आकडा उमटला आणि आईचा बारीक आवाज आला. मोठ्या बँकेनं व्याजदर आहे तेवढाच ठेवला होता.

"हे काय असतं?"

"तू शेजारच्या ताईची सायकल तासभर घेतेस आणि तिला दोन गोळ्या देतेस ना? तसं पैसे वापरायला घेतले की वर थोडे जास्त द्यायचे. किती जास्त, तो दर. आज दोनच्या तीन गोळ्या झाल्या नाहीत, एवढंच."

"मग त्यात सांगायचं काय?"

"ज्यानं सायकल घेतलीय, त्याला विचार!"

ती हसली, जराशी. मग आईनं पान उलटलं. लढणाऱ्या देशाला आणखी शस्त्रांची मदत मंजूर झाली होती. खोकी जहाजांनी जायची होती. बाबाचं जहाज हेच काम करायचं. नव्या मदतीसाठी आणखी तीन फेऱ्या होतील, असं आई म्हणाली.

भिंगरीनं बातमी मागं नेली. पुन्हा लावली.

"आई 'आणखी'ला अडखळली," ती म्हणाली.

आजोबांनीही ऐकलं होतं. इतकं स्वच्छ वाचणारी त्यांची लेक, त्या एका शब्दावर पाय अडकावा तशी थांबली होती.

"तीन फेऱ्या म्हणजे बाबा आत्ता येत नाही."

"आत्ता नाही."

"मदत म्हणजे चांगलीच असते ना?"

आजोबांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. एकदा पुसता पुसता बोलून बसले होते. "ज्यांच्या घरावर हल्ला होतोय, ते म्हणतात, ही मदत आली नाही तर आम्ही उरणार नाही. आणि ते तोफगोळे जिथं पडतील, तिथंही कुणाची तरी भिंगरी आहे. मी पुष्कळ वह्या तपासल्या, राणी. या उत्तरापुढं मला बरोबरची खूण करता येत नाही, आणि चुकीचीही नाही."

ती रडली. ओरडून नाही, त्यांच्या खांद्यात तोंड खुपसून. त्यांनी तिला गप्प केलं नाही.

शेवटची बातमी कोटाचीच निघाली. कुठल्याशा मालिकेतल्या नायिकेनं पिवळा कोट घातला होता आणि गावभर तसेच कोट खपत होते, म्हणून आईला तो घालायला दिला होता. बदलायला मध्ये वेळ नव्हता.

साडेसहाला आई घरी आली, तिच्या जुन्या राखी स्वेटरमध्ये. दारातल्या चपला पाहून जागीच थांबली.

"अण्णा, हे काय?"

"माझी चूक," आजोबा म्हणाले आणि सगळं सांगितलं.

आई खाली बसली. "आज मलाही तो कोट टोचत होता," ती एवढंच म्हणाली. मग चपला उचलायला तिनं हात पुढे केला.

"राहू दे," भिंगरी म्हणाली. "तीन फेऱ्या आहेत. मी मोजतेय."

"आणि फ्रॉक?"

"तो सुलटा करते."

दुसऱ्या दिवशी पाच वाजता आजोबा सवयीनं रिमोटकडे वळले. तो जागेवर नव्हता. भिंगरी त्यांना खेटून बसली, आई पडद्यावर आली, आणि कोपऱ्यात आवाजाचा आकडा उमटला. पाच.