पॉइंट चारची साक्ष

मित्रांनो, मी एक जुना व्हर्निअर कॅलिपर आहे. म्हणजे वस्तूची जाडी, रुंदी, भोकाचा व्यास मोजणारं पोलादी हत्यार. माझा खालचा एक जबडा वाकलेला आहे. हे पहिल्या दमातच सांगून टाकतो, कारण मला लपवाछपवी जमत नाही. ज्यांना ती जमते, त्यांचीच ही गोष्ट आहे.

माझी उमेदीची बावीस वर्षं गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये गेली. तिथले बकाराम मिस्त्री माझे धनी. मिलमध्ये सगळीकडे कोंड्याची धूळ, पण माझ्यावर कण बसला तर शपथ. काम संपलं की ते मला तेलाच्या फडक्याने पुसून डबीत निजवायचे. कोणी उगाच हात लावला की ओरडायचे, "ठेव गा तो खाली! हातोडा नोहोय तो!" असा मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

मिस्त्रींची नजर अधू झाली, तेव्हा त्यांनी मला तिरोड्याच्या एका संगणक वर्गाला देऊन टाकलं. "पोरं शिकतील," म्हणाले. तो वर्ग लीलाधर सरांचा. तिथे संगणकावर वस्तूंचं रेखाटन शिकवत. खरी वस्तू माझ्यात धरून मोजायची, आकडे वहीत लिहायचे, मग पडद्यावर सपाट रेघा काढायच्या. रेघांना जाडी दिली की वस्तू उभी राहते. माउसने गरागरा फिरवून तिला पोटाखालूनही बघता येतं. मला वाटलं, चला, म्हातारपणी नवी विद्या बघायला मिळाली.

एका दुपारी सरांना भिंतीला रंग द्यायचा होता. रंगाच्या डब्याचं झाकण निघेना. सरांनी मला उचललं, माझा जबडा झाकणात खुपसला आणि जोर लावला. झाकण निघालं, जबडा वाकला. सरांनी मला पँटला पुसलं आणि खणात फेकलं. काय बिघडलं ते बघितलंसुद्धा नाही. तेव्हापासून मी पूर्ण मिटलो तरी शून्य दाखवत नाही, शून्य पॉइंट चार मिलिमीटर दाखवतो. खालच्या जबड्यांनी जे मोजाल ते पॉइंट चारने जास्त येतं. भोकं मोजायचे वरचे छोटे जबडे तेवढे शाबूत राहिले.

कोणाच्या लक्षात आलं नाही. आलं ते फक्त दुर्गेश्वरीच्या.

दुर्गेश्वरी बोदलकसा तलावाजवळच्या गावची. तिची आई जमुनाबाई हिवाळ्यात उकडलेले शिंगाडे तिरोड्याच्या बसस्टँडवर विकते. शिंगाड्याला दोन शिंगं, टोकदार. रोज टोपलीभर सोलून तिच्या अंगठ्यांची चाळणी झाली होती. दुर्गेश्वरीने ठरवलं, आईसाठी शिंगाडा सोलायचं हत्यार काढायचं. सुपारी कातरायचा सरोता असतो ना, तशाच बिजागरीचं, पण पात्याला शिंगाड्याच्या पोटासारखा खोलगट आकार.

तिने घरचा सरोता आणला आणि मला हातात घेतलं. दुसऱ्याच दिवशी सरांना म्हणाली, "सर, हा कॅलिपर जास्त दाखवून राहिला."

सर फोनमधून मान वर न करता म्हणाले, "कॅलिपर बरोबर आहे. तू डोळे तपासून घे. चष्मा लागला असेल, शिंगाडे पाहू पाहू."

वर्ग हसला. तिने मला मिटवून उजेडात धरलं, पॉइंट चार वाचला आणि मान हलवली. त्या दिवसापासून तिची रीत ठरली. मी जो दाखवेन तो आकडा वहीतल्या कच्च्या चित्राशेजारी जसाच्या तसा लिहायचा आणि संगणकात घालताना मनातल्या मनात पॉइंट चार वजा करायचा. वर्गातल्या संगणकांवर रोज सगळं पुसलं जायचं, म्हणून फाईल ती पेनड्राइव्हमध्ये घरी न्यायची. बकाराम मिस्त्रींनंतर मला समजून घेणारं हे दुसरंच माणूस.

तेवढ्यात गोंदियाला नव्या वस्तूंच्या रचनेची स्पर्धा निघाली. पहिल्या आलेल्याला नागपूरला वर्षभराचं शिक्षण, राहण्याजेवणासकट. दुर्गेश्वरीला ती जागा पाहिजे होती. शेजारच्या बाईला विचारा, बसच्या कंडक्टरला विचारा, सगळ्यांना ठाऊक होतं.

सर गोड बोलले, "वही दे बेटा, तपासून देतो. फॉर्मपण मीच भरतो." तीन दिवसांनी म्हणाले, "फॉर्मला उशीर झाला, घेतला नाही त्यांनी. पुढच्या वर्षी पाहू. वही कपाटात आहे, देतो मग."

ती रडली नाही. घरी जाऊन काय केलं ते मला माहीत नाही. मी खणात होतो.

स्पर्धेच्या दिवशी सरांनी सगळ्या वर्गाला गोंदियाला नेलं. "सामानाची पिशवी तू घे," असं दुर्गेश्वरीलाच सांगितलं. त्या पिशवीत मी होतो. हॉलमध्ये शिरलो आणि समोरच्या टेबलावर तिचं हत्यार! पिवळ्या प्लास्टिकमध्ये छापून आणलेलं, शेजारी मापांचा नकाशा, नकाशाच्या कोपऱ्यात नाव: हिमांशू. हिमांशू म्हणजे सरांचा भाचा.

पिशवीचा बंद तिच्या मुठीत आवळला गेला. मी आत होतो, मला तो ताण कळला. मित्रांनो, चोर बाहेरून आला असता तर माणूस ओरडतो. इथे चोरानेच तिला रेघ ओढायला शिकवली होती. ओरडायचं कोणाच्या नावाने?

परीक्षक मॅडम आल्या. शिंगाडा पात्यात धरला, दांडे दाबले. हलेनात. पुन्हा दाबले. कट्ट! बिजागरीपाशी प्लास्टिक तडकलं.

"खिळा ठोकून बसवलाय का?" मॅडमनी विचारलं.

खिळा सरांनीच सकाळी हातोडीने ठोकला होता, जाईना म्हणून. आता ते भिंतीकडे बघत होते.

मॅडमनी नकाशा उचलला. "भोक आठ पॉइंट एक, खिळा आठ पॉइंट चार. भोकापेक्षा खिळा जाड? हे माप कुठून आणलं?"

हिमांशूचे कान लाल झाले. "मामाजीने कॉपी दी थी मॅडम. उसमें जो नंबर थे, मैंने डाल दिए."

"काय बोलतो रे!" सर पुढे आले. "पोरगं घाबरलं मॅडम, टायपिंगची चूक आहे."

"टायपिंगची नाही." दुर्गेश्वरीने मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. "खिळा आठचाच हाय. वरचे पॉइंट चार याचे हायेत. याले मिटवून पाहा मॅडम."

मॅडमनी मला मिटवलं, चष्मा वर करून वाचलं. मग नकाशावर बोट फिरवत गेल्या. दांडा बारा पॉइंट चार. पातं वीस पॉइंट चार. बाहेरून मोजलेलं एकूण एक माप पॉइंट चारने फुगलेलं. मग दुर्गेश्वरीची पेनड्राइव्ह लावली. आठ, बारा, वीस. पडद्यावर बिजागरी अलगद उघडली, अलगद मिटली.

ज्याने माझा जबडा वाकवला, त्यालाच तो वाकल्याचं माहीत नव्हतं. मी काही बोललो नाही. मी फक्त शून्य दाखवलं नाही.

हिमांशूचं नाव कटलं. तुम्हाला वाटेल, आता जागा दुर्गेश्वरीला मिळाली. तीही तशीच उभी होती, ओंजळ धरल्यासारखी.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "काम तुझंच आहे, मला दिसतंय. पण तुझा फॉर्मच नाही. यादीत नाव नसताना मी काय करू?"

"पण काऊन नाही हाय, ते तर दिसते ना मॅडम?"

मॅडमनी यादीची घडी घातली. जागा दुसऱ्याच कोणाला गेली. खरं कळूनही माणसं कागदामागे लपतात, हे मी त्या दिवशी मोजलं. सरांपेक्षा मला तेच जास्त लागलं. सर निदान उघडे पडले होते.

परतीच्या गाडीत सर तणतणत होते, "शिकवलं म्यां, आन मलेच उघडं पाडते! हे घे तुझं भंगार. उद्यापासून वर्गात दिसू नको." आणि मी तिच्या मांडीवर येऊन पडलो.

आता मी दुर्गेश्वरीच्या घरी असतो. संगणक नाही, म्हणून ती चौकटीच्या कागदावर काढते: समोरून, वरून, बाजूने. तेच कागद घेऊन उदाराम लोहाराने हत्यार लोखंडात घडवलं. खिळा पहिल्याच फटक्यात बसला. जमुनाबाईच्या अंगठ्यांवर आता नवी जखम नाही, जुने डाग आहेत. पुढच्या वर्षीचा फॉर्म दुर्गेश्वरी गोंदियाला जाऊन स्वतःच्या हाताने देणार आहे. जागा मिळेल की नाही, मी सांगू शकत नाही. मी मोजतो, भविष्य सांगत नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या हत्यारांनी डबे उघडू नका. आम्हाला पुसा, डबीत ठेवा, आणि मोजण्याआधी एकदा मिटवून शून्य बघा. आणि दुसऱ्याच्या वहीतला आकडा उचलू नका. त्यातून लिहिणाऱ्याने मनात काय वजा केलं होतं, ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

परवा जमुनाबाईने मला उलटसुलट पाहिलं. "वाकडा हाय व हा. कायले ठेवतेस? फेकून दे."

दुर्गेश्वरी मला तेलाच्या फडक्याने पुसत होती. म्हणाली, "राहू दे माय. याच्यात किती खोट हाय ते मले माहीत हाय. सरायची खोट माहीत नव्हती."

आणि तिने मला डबीत निजवलं.