कमरेच्या वर

दादा फरशी बसवतो आणि मी ती पास करतो, अशी आमची सव्वीस वर्षांची वाटणी. खोली पुरी झाली, सांधे वाळले की मी चपला काढतो, डोळे मिटतो आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालतो. एखादी फरशी शेजारणीपेक्षा केसभर जरी वर राहिली असली तरी माझ्या डाव्या तळव्याला ती कळते. पाणसळ लावून जे सापडत नाही ते तळव्याला सापडतं. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, हाताचा पक्का, पण त्याचे तळवे म्हणजे बुटाचे सोल. त्यामुळे शेवटचा शब्द माझा.

आणि म्हणूनच वाचनालयाच्या दालनात जे झालं ते माझ्या माथी आलं. ते दालन मी पास केलं होतं. दुसऱ्या दिवशी तिथल्या बाईंनी पुस्तकांची गाडी ढकलली, ती दोनदा अडखळली आणि तिसऱ्यांदा उलटली. दादा गुडघ्यांवर बसला आणि एकेक सांधा तपासत गेला. चौदा फरश्या वर-खाली होत्या.

"डोळे मिटून चाललास की झोपून चाललास?" तो म्हणाला.

मी त्याच जागी पुन्हा पाय फिरवला. हाताच्या बोटाला कड लागत होती, तळव्याला काही नाही. जाड मोजा घातल्यासारखं. डावा पाय गेले काही आठवडे जडही झाला होता, जिन्यावर पायरीला घासायचा. उजव्या पायाची तऱ्हा आणखी निराळी. त्यावर टपोरा फोड आलेला बायकोनं दाखवला. आदल्या संध्याकाळी मी कढत पाण्यात पाय बुडवून बसलो होतो आणि मला पत्ताच नव्हता.

"उद्याच्या उद्या डॉक्टर," बायको म्हणाली. ती बस चालवते. एकदा ठरवलं की मधे थांबत नाही.

डॉक्टर त्याच आठवड्यात झाले, पण दुखणं कळायला पुढे अकरा महिने लागले.

पहिले डॉक्टर कमरेचे. मी सगळं सांगितलं: डावा पाय ओढतो, डाव्या तळव्याला बारीक काही कळत नाही, आणि उजव्याला गरम-थंड कळत नाही. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "एका पायाला एक आणि दुसऱ्याला दुसरं, असं नसतं हो. नीट आठवून सांगा." जसं काही मी पायांची अदलाबदल करून बसलो होतो! फरशीचं काम म्हणजे ओणवं बसणं, ओणवं बसणं म्हणजे कंबर, असा त्यांचा सरळ हिशेब. कमरेचा एमआरआय झाला. त्यात एक गादी जराशी सरकलेली निघाली. मग काय, चोर सापडला म्हणून सगळे खूश.

पट्टा बांधला. गोळ्या झाल्या. कमरेला शेक झाला, वजनं लावून ताणणं झालं. मी म्हणालो, "डॉक्टर, माझी कंबर दुखत नाही." ते म्हणाले, "बघा, गुण येतोय."

दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो. ती पखाल मीच होईन असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्यांचा रिपोर्ट वाचला आणि तेच औषध वेगळ्या रंगात दिलं. मी त्यांना आमच्या धंद्यातलं सांगून पाहिलं. फरशी दाराशी हलते म्हणून दाराशी खणून उपयोग नसतो, माती कधी कधी पार मधे खचलेली असते. ते हसून म्हणाले, "छान बोलता तुम्ही." तिसऱ्यांनी माझ्याशी न बोलता बायकोला बाजूला घेतलं. घरात काही ताण आहे का, कामावर चूक झाल्यापासून हे सुरू झालं का? तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. माझ्या उजव्या तळपायाला खरीच आग लागली असती तरी मला कळली नसती, पण मस्तकात ती व्यवस्थित पोहोचली. मी पट्टा काढून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि निघालो. दारात पाय अडखळला म्हणून रुबाबही धड राहिला नाही.

तोवर काठी आली होती. दादा एकटाच कामं घेत होता आणि एकटाच रांगत सांधे तपासत होता. मला म्हणाला, "तू बस खुर्चीवर, देखरेख कर." त्या खुर्चीचा मला इतका राग होता की मी उभाच राहायचो. उभं राहून पडायचो.

कोडं सुटलं ते व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपीच्या बाईंकडे. तिसऱ्या डॉक्टरांनीच बायकोच्या हाती तिकडची चिठ्ठी दिली होती, माझ्या मनाला उभारी यावी म्हणून. बाईंनी माझं सगळं ऐकलं आणि कुठेच हसल्या नाहीत. किल्लीच्या टोकानं त्यांनी माझा डावा तळवा टाचेपासून वर ओरखडला. अंगठा खाली वळायच्या ऐवजी वर ताठ झाला. मग एक टाचणी घेऊन उजव्या पायापासून वर वर टोचत आल्या.

"इथे टोचतंय?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

मांडी झाली, कंबर झाली, पोट झालं. छातीच्या फासळ्यांखाली आल्या आणि मी ओरडलो. त्यांनी तिथे पेनानं रेघ मारली.

"कंबर नाहीच. वर आहे. मज्जारज्जू दाबला जातोय, डाव्या अंगाला जास्त. ताकदीच्या आणि बारीक स्पर्शाच्या तारा त्याच बाजूनं जातात, गरम-थंडाच्या तारा पलीकडच्या बाजूला ओलांडून जातात. तुम्ही पहिल्यापासून बरोबर सांगत होता."

मी शर्टाची बटणं लावत होतो आणि डोळ्यांतून पाणी आलं. आनंद नव्हता, संताप होता. अकरा महिने, आणि लागलं काय, तर एक किल्ली आणि एक टाचणी.

पाठीच्या मधल्या भागाचा एमआरआय झाला. मणक्यांना आतून बांधून ठेवणारा एक पिवळा बंध असतो, तो माझ्यात हाड होऊन बसला होता आणि मज्जारज्जूला चेपत होता. हे इतकं वाढलेलं क्वचितच बघायला मिळतं, असं शस्त्रक्रियेचे डॉक्टर म्हणाले. माणूस तरुण, पण बोलणं मोजकं.

"ते हाड उचकटणार का?" मी विचारलं.

"अजिबात नाही. घासून घासून कागदाएवढं पातळ करायचं, कडा मोकळ्या करायच्या, मग अलगद उचलायचं. खाली दाब पडला तर पाय जातील. पायांना तारा लावून सगळा वेळ लक्ष ठेवू."

खाली पाण्याचा पाइप असलेली फरशी मीही तशीच काढतो. अकरा महिन्यांत पहिल्यांदा कुणाचं तरी काम मला पटलं.

"तळवा परत येईल? त्याच्यावर माझं पोट आहे."

"दाब काढणं माझ्या हातात. गेलेलं परत येणं नाही. पण थांबलात तर उरलेलंही जाईल."

पालथा झोपवून साडेचार तास चाललं. शुद्ध आल्यावर आधी मी दोन्ही अंगठे हलवले. हलले. बायको पायांशी उभी होती. ती दोन्ही अंगठे मुठीत धरून राहिली. मग पाठीत कुणी छिन्नी विसरलंय असं दुखायला लागलं आणि मी दिसेल त्याच्यावर खेकसू लागलो. नर्सबाई बायकोला म्हणाल्या, "हे बरे झाले."

तीन महिन्यांनी काठी सुटली. उजव्या पायाला गरम पाणी कळू लागलं. लोक अभिनंदन करायला यायचे. मी चपला काढून घरभर फिरायचो, डोळे मिटून. डावा मोजा उतरला नव्हता. दादानं एक दिवस न विचारता सांधे तपासायला बाहेरचा माणूस ठेवला. त्यानं मला सांगितलं तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही, आणि मीही "बरं केलंस" म्हणालो.

सहा महिन्यांनी तपासणीला गेलो. डॉक्टर खुशीत होते. आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी लावून म्हणाले, "बघा, किती मोकळा झालाय."

"तळवा?"

त्यांनी कापसानं तपासलं, टाचणीनं तपासलं. "आता फार फरक पडेल असं वाटत नाही. जितका दाब जास्त दिवस, तितकं नुकसान. लवकर यायला हवं होतं तुम्ही."

कागदावरही तेच लिहिलं होतं: रुग्ण उशिरा आला.

मी बायकोच्या हातातली फाइल घेतली आणि टेबलावर एकेक कागद मांडत गेलो. पहिल्या डॉक्टरांचा कागद, फोड आला त्याच आठवड्याचा. त्यांनीच लिहिलं होतं: 'डावा पाय ओढतो, उजव्या पायास गरम-थंड कळत नाही असे रुग्णाचे म्हणणे'. मग दुसऱ्यांचा. मग तिसऱ्यांचा. टेबल भरलं. माझा आवाज चढला असणार, कारण बाहेरून कुणीतरी दार उघडून बघितलं.

"मी आलो होतो," मी म्हणालो. "हे बघा. मी इथे आलो होतो, इथे आलो होतो, इथेही आलो होतो. दर वेळी हेच सांगितलं. उशीर मी नाही केला."

डॉक्टरांनी पहिला कागद उचलून पुन्हा वाचला. मग पेन काढून आपल्या कागदावरची ती ओळ खोडली आणि बाजूला सही केली. "माझ्याकडून चुकलं," म्हणाले. माझ्याशी असं बोललेले हे एकच डॉक्टर, आणि चूक त्यांची नव्हतीच.

बाहेर आल्यावर बायकोनं विचारलं, "झालं समाधान?"

"नाही," मी म्हणालो.

"मलाही नाही," ती म्हणाली, आणि आम्ही कठडा धरून जिना उतरलो.